धुण्याच्या दगडाची खालची बाजू

आमच्या घराण्यात देवाला धुण्याच्या मोगरीनं बडवणारी एकच व्यक्ती झाली, आणि ती घरातली सगळ्यात देवभोळी बाई होती. हे काम तिनं जवळजवळ आयुष्यभर, रोज सकाळी, मनापासून केलं. देवाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती मी मोजपट्टी घेऊन मध्ये पडल्यावर.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवीन होतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसानं आता नागपूरकडे बघायचं की मुंबईकडे, याची मानेला अजून सवय झाली नव्हती. शेर-मण जाऊन किलो आले होते, फुटाच्या बाजूला सेंटिमीटर येऊन बसले होते. मी गावातल्या जिनिंगच्या काट्यावर कारकून. कापसाची गाडी आली की वजन करायचं, जुन्या मापात सांगायचं आणि नव्या मापात लिहायचं, हे माझं काम. काटा आणि नामदेव, म्हणजे मी, दोघंही कोणासाठी वाकत नाहीत, असं गावात म्हणत. (माझी बायको कुसुम म्हणे, दोघांशीही बोलण्यात काही अर्थ नसतो.)

जिनिंगचे मालक भाऊसाहेब. गावातल्या सगळ्या समित्यांचे अध्यक्षही तेच. ते एकदा कामानं मेहकरला गेले आणि तिथलं जुनं देऊळ पाहून असे परतले, जसं काही कोणी त्यांचा अपमान केला होता.

"मेहकरले देऊळ हाये, लोनारले एवढं मोठं तळं हाये," ते समितीच्या बैठकीत म्हणाले. "आपल्या गावाले काय हाये, सांगा बरं?"

शेवटी शाळेतले ड्रॉईंगचे सोनटक्के मास्तर म्हणाले, "दंडार आहे. आपल्यासारखी दंडार आसपास कोणी नाचत नाही."

"अजून?"

"भजनी मंडळ आहे. जुनी बारव आहे. आणि बाजारामागं एवढी जागा पडली आहे, तिथं झाडं लावली तर बाग होईल."

अशा रीतीनं आमच्या गावाचा उत्सव ठरला. गावातल्या कलांचं कौतुक, गावातल्या जुन्या गोष्टींचा मान आणि नव्या बागेचं उद्घाटन, असं तिहेरी काम एकाच दिवशी उरकायचं. पावसाळ्यात कडुनिंब, करंज आणि चिंचेची रोपं लावली. (निम्मी शेळ्यांनी खाल्ली. शेळ्यांची समिती नव्हती, पण त्यांचं काम वेळेवर होत असे.) दिवाळीच्या आधी उद्घाटन. नागपूरहून जुन्या मूर्तींचे एक अभ्यासक पाहुणे म्हणून यायचे होते. आणि माझ्याकडे काम आलं बागेतल्या बाकाचं. लोकांना बसायला एक चांगला सपाट दगड हवा होता.

मी गावातले सगळे सपाट दगड मोजले. भाऊसाहेबांच्या अंगणातला आखूड निघाला, सोनटक्के मास्तरांचा तिरका. सर्व दृष्टींनी योग्य असा एकच दगड गावात होता. लांबी एक मीटर दहा सेंटिमीटर, रुंदी पंचेचाळीस. तीन बारीक किंवा दोन जाड माणसं आरामात बसतील असा. तो आमच्या न्हाणीजवळ होता आणि त्यावर आमची आत्याबाई धुणं धूत होती.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला बीबी गावात दिली होती. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा गेला, पाठोपाठ दोन्ही लेकरं गेली, आणि ती एक पेटी घेऊन माहेरी परत आली. माझी आई त्याच साथीत गेलेली. मी पाळण्यात होतो. आत्याबाईनं पेटी ठेवली, मला उचललं, आणि तेव्हापासून ती या घरात होती. तिच्या लेकरांबद्दल ती कधी बोलत नसे. धुणं मात्र फार जोरात धूत असे.

"आत्या," मी म्हणालो, "हा दगड बागंत द्याचा हाये."

"अन् धुनं काय तुह्या डोक्स्यावर धुऊ?"

"मेहकरहून शहाबादी फरशी आनतो. गुळगुळीत."

"गुळगुळीत फरशीवर मळ निंगते का? लोकाइले बसाले माहाच दगड भेटला? भाऊसाहेबाच्या अंगनात दगड नाही?"

"त्याइचा आखूड हाये. म्या मोजला."

"तू मोजला!" तिनं मोगरी खाली टेकवली. "मंग तं सपलंच. तू मोजल्यावर ब्रह्मदेवबी काय करनार?"

एका सकाळी चार गडी पहारी घेऊन आले. आत्याबाई धुणं करत होती. गड्यांना म्हणाली, "थांबा बे! एवढं लुगडं होऊ द्या." आणि त्या लुगड्याला तिनं असे तडाखे दिले की कोंबड्या शेजारच्या अंगणात गेल्या. लुगडं निमित्ताला होतं. ते तडाखे कोणाच्या नावाचे होते हे मला समजत होतं.

मग पहारी लागल्या. दगड करकरला, उचलला गेला आणि धप्पकन उलटा पडला. खालच्या बाजूला मातीचा जाड थर होता. एका गड्यानं त्यावर बादली ओतली. माती वाहून गेली आणि दगडात एक डोळा उघडला.

गडी दोन पावलं मागं सरला. मी दुसरी बादली ओतली. दुसरा डोळा आला. मग नाक, मग ओठ, मग मुकुट, खांदे, गळ्यातले हार. हात मोडलेले होते, पण चेहरा पूर्ण शाबूत. आणि हसरा! इतकी वर्षं पाठीत मार खाऊन हसरा!

"देव हाये हो!" गडी ओरडला आणि पहार टाकून त्यानं हात जोडले.

न्हाणीजवळ अर्ध्या तासात एवढी माणसं जमली की कुंपण पडलं. सोनटक्के मास्तर धापा टाकत आले आणि म्हणाले, "विष्णू!" भाऊसाहेब जीपमधून आले आणि त्यांनी लांबूनच साष्टांग घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मेहकरवाल्याइले म्हना, आता या!" असं ते दगडाकडे बघून म्हणाले. मी सवयीनं पट्टी काढून मूर्तीची उंची घेऊ लागलो, तेव्हा कुसुमनं माझ्या हातातून पट्टी काढून घेतली.

आत्याबाई ओलं लुगडं धरून उभी होती. त्याचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं.

"नामदेव," ती म्हणाली, "ह्याची पाठ कोनती?"

"वरची होती थे."

"म्हंजे जेच्यावर म्या..."

तिनं मोगरी भिंतीला टेकवून ठेवली, घरात गेली आणि कोनाड्याखाली घोंगडी टाकून आडवी झाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. कुसुमनं ताट नेलं तर म्हणाली, "म्या देवाले बडवलं. रोज बडवलं. म्हनून माहा मानूस गेला. म्हनून माहे लेकरं गेले. आता मले काऊन चारतं वं?"

दगड बागेत गेला, चौथऱ्यावर उभा राहिला, त्याला शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. बाकाचा विषय संपला. आणि इकडे ज्या बाईनं मला वाढवलं ती आमच्या डोळ्यांदेखत वाळू लागली. साठी ओलांडलेलं शरीर, त्यात मुळात मूठभर. किती काढणार?

माझा स्वभाव असा, की समोर चूक हिशेब दिसला तर मला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "आत्या, तुहा हिशेबच चुकला. मानसं गेले तवा तू बीबीले होती. दगड अठी होता. तू या दगडावर धुवाले लागली थे मंग, वापस आल्यावर."

तिनं विचार केला. मला आशा वाटली.

"लग्नाच्या आंधी कोठी धूत होती मी?" ती म्हणाली. "अठीच. याच दगडावर."

"बरं, पन लग्न झाल्यावर तं नाही न?"

"दिवाळीले माहेरी येत होती न."

"दिवाळीले येऊन काय होते? मानमोडी आली थे..." आणि मी थांबलो. कारण मानमोडी दिवाळीच्या सुमारालाच आली होती. हे तिच्या लक्षात नव्हतं. मी आणून दिलं.

ती भिंतीकडे वळली. "पाह्य," ती म्हणाली. "अन् तुही मायबी तवाच गेली. म्या तुले बिनमायचा केला."

इथं शहाण्या माणसानं उठायला हवं होतं. पण मला अजून एक मुद्दा सुचला होता. अगदी बिनतोड! मी म्हणालो, "आत्या, सगळंच तुह्या अंगावर कायले घेतं? त्या साथीत अर्धं गाव गेलं!"

आत्याबाई उठून बसली. तिचे डोळे मोठे झाले.

"अर्धं गाव!" ती म्हणाली. "म्या अर्धं गाव मारलं!"

कुसुम स्वयंपाकघरातून आली आणि तिनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "तुमी काट्यावर जा," ती म्हणाली. "घरात राह्यले तं मानमोडीच्या पुढची साथबी त्याइच्या नावावर लावसान."

यानंतर फक्त चहा. चहा म्हणजे अन्न नाही, असं आत्याबाईचं मत होतं, म्हणून तेवढा ती घेत असे. मी कुसुमला सांगितलं की चहात दूध जास्त घालत जा. मग अजून जास्त. मग थोडी साय. मी, ज्यानं जन्मात कापसाच्या गाडीत ओला कापूस चालू दिला नाही, तो स्वतःच्या घरात चहात भेसळ करू लागलो! आत्याबाईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कुसुम, हा चहा हाये का खीर?"

"चहाच हाये, आत्याबाई."

"नामदेवले बोलाव." मी गेलो. "हे तुहं काम हाये?"

मी मान खाली घातली. तिनं चहा सोडला. आता नुसतं पाणी.

आता मला भीती वाटू लागली. गुरवाला विचारलं की काही प्रायश्चित्त सांग. तो म्हणाला, "देव कोनता थे तं समजू द्या. शंकराचं येगळं, विष्णूचं येगळं. चुकीच्या देवाचं केलं तं दोघंबी कोपतीन." कोणता देव हे तर कोणालाच माहीत नव्हतं. मास्तर विष्णू म्हणत. भाऊसाहेबांना तो बालाजी वाटे. भजनी मंडळानं तोंड हसरं आहे म्हणून विठोबा ठरवला होता. नागपूरचे पाहुणे आल्याशिवाय निकाल लागणार नव्हता.

मी आत्याबाईला म्हणालो, "पाहुने येनार हायेत. थे सांगतीन. मी त्याइले विचारून घरी येतो अन् तुले सांगतो."

"घरी नको सांगू."

"काऊन?"

"घरी तुमी मले जेवू घालाले कायबी सांगसान. खीर पाजता अन् चहा म्हन्ता." ती थोडी थांबली, तिला धाप लागत होती. "चारचौघात सांगजो. भोंग्यातून. गावापुढं तू खोटं बोलत नाही, थे मले माहीत हाये. जे असन थे आयकीन. देव असन तं मले अठीच राहू दे. नसन तं पाहू."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

उत्सवाचा दिवस उजाडला. आत्याबाईला उचलून छकड्यात गोधडीवर ठेवली. ती इतकी हलकी झाली होती की मला वजन करावंसं वाटलं आणि मी पहिल्यांदा ते मनातच थांबवलं. कुसुमनं एका फडक्यात भाकर आणि ठेचा बांधून घेतला. मी विचारलं, "हे कोनाले?" ती म्हणाली, "असू द्या." छकडा चौथऱ्याच्या अगदी जवळ लावला.

सोहळा उत्तम चालला होता. शाळेतल्या पोरांनी काढलेली गावाची चित्रं दोरीला टांगली होती. दंडारीवाल्यांनी धूळ उडवली. भजनी मंडळानं आवाज लावला. उरलेल्या झाडांना काट्यांचं कुंपण घालून त्यांवर झेंडूच्या माळा टाकल्या होत्या. (शेळ्या लांबून माळांकडे बघत होत्या.) भाऊसाहेबांनी भाषणात सांगितलं की आपलं गाव हे पुरातन देवस्थान असून मेहकर आपल्या नंतरचं आहे. टाळ्या पडल्या. नारळांचा खच पडला. शेंदूर इतका लागला होता की देवाचं हसू शोधावं लागत होतं.

नागपूरचे पाहुणे, एक शांत, चष्मेवाले गृहस्थ, मूर्तीजवळ गेले. त्यांनी शेंदूर थोडा पुसला, पायाजवळ वाकून बघितलं, मागं जाऊन सपाट पाठीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात आम्हाला म्हणाले, "शिल्प फार सुंदर आहे. पण हा देव नाही."

"म्हंजे?" भाऊसाहेब म्हणाले.

"द्वारपाल आहे. देवळाच्या दारावर उभा असतो तो. हे बघा, इथं गदेचं टोक उरलं आहे. पाय असा वाकवलेला. पाठ सपाट आहे, कारण ती भिंतीला लागलेली असते. म्हणजे इथं कधी तरी मोठं देऊळ होतं. ही फार मोलाची गोष्ट आहे!"

भाऊसाहेबांना त्यातलं मोल दिसलं नाही. त्यांना नारळ दिसत होते. "दरवान?" ते कसेबसे म्हणाले. "म्या दरवानाले साष्टांग घातला?"

मग त्यांनी पाहुण्यांना हात जोडले. "साहेब, तुमी आज काही बोलू नका. नागपूरले जाऊन काय ल्याहाचं थे ल्याहा." पाहुणे संकोचून आपल्या खुर्चीकडे गेले. मग भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "नामदेव, माइकवर तू जा. लोक तुह्यावर इस्वास ठेवतात. 'पाहुन्यांनी तपासलं, भगवान विष्णू हायेत,' एवढंच बोल, अन् खाली उतर. मानूस लय आशेनं आला हाये रे. कायले मोडतं?"

ते जिनिंगचे मालक होते, आणि खरं सांगायचं तर चुकीचंही बोलत नव्हते. समोर सगळं गाव नटून बसलं होतं. बाया कडेवरच्या पोरांचे हात धरून देवाला जोडवत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग छकड्याकडे पाहिलं. आत्याबाई कोपरावर उठून भोंग्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही, भोंग्याकडे.

मी माइकवर गेलो.

"पाहुन्यांनी तपासलं," मी म्हणालो. भाऊसाहेबांनी मान हलवली. "हा देव नाही. द्वारपाल हाये. देवळाच्या दारावर उभा राहनारा. त्याच्या पाठीवर कोनी काही धुतलं असन, तं त्याचं पाप लागत नाही."

शेवटचं वाक्य पाहुण्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. काट्यावर उभा राहून असं मी कधी केलं नव्हतं. भोंगा मात्र तेवढंच वाक्य लांब नेत राहिला.

मग टाळ थांबले. मग मागून आवाज आला, "उतर बे खाली!" दुसरा म्हणाला, "कापूस तोलता तोलता देव तोलाले लागला का बे?" एक म्हातारी रडू लागली. भाऊसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. गर्दी उठून चौथऱ्याकडे सरकू लागली, आणि ती देवाच्या दर्शनाला येत नव्हती हे उघड होतं.

तेवढ्यात छकड्यातून आत्याबाईचा आवाज आला. मोठा नव्हता. पण माइक माझ्या हातात होता आणि मी तो धरून तिच्याकडे धावलो होतो, त्यामुळे तो सगळ्या गावानं ऐकला.

"देव नाही?"

"नाही, आत्या."

"पाप नाही?"

"नाही."

ती हसेल असं मला वाटलं. रडेल असंही वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग माहे लेकरं कायनं गेले?"

गर्दी थांबली. त्या गर्दीत पन्नाशीच्या पुढचा एकही माणूस असा नसेल, ज्याचं कोणी त्या साथीत गेलं नव्हतं. 'उतर बे' म्हणणाऱ्याचे दोन भाऊ गेले होते. भाऊसाहेबांची आई गेली होती. सगळे चौथऱ्यापाशी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघू लागले. जसं काही ते गेली इतकी वर्षं याच उत्तरासाठी थांबले होते आणि ते आता भोंग्यातून येणार होतं.

माझ्याजवळ साथीची माहिती होती. ती कुठून आली, कोणत्या गावात कधी शिरली, मी सगळं सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं.

"माहीत नाही, आत्या," मी म्हणालो.

"तुलेबी माहीत नाही?"

"नाही."

ती पुन्हा गोधडीवर टेकली. आकाशाकडे बघत पडून राहिली. पाहुण्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग आत्याबाईनं एक मोठा श्वास सोडला.

"मंग मले तरी काय माहीत असनार?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कुसुम, भाकर आनली का वं?"

कुसुमनं फडकं सोडलं. आत्याबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, हळूहळू चावला. सगळं गाव बघत होतं. उत्सवात इतक्या शांततेनं दुसरा कोणताही कार्यक्रम झाला नाही.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि टाळ उचलले.

नंतरचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब काट्यावर आले आणि म्हणाले, "नामदेव, तू समितीत राहू नको." मी मान हलवली. "पन काट्यावर राह्य," ते म्हणाले. "मालकाच्या तोंडावर जो मानूस खरं बोलते, थो गिऱ्हाइकापुढं तं बोलनच." ही बढती होती की शिक्षा, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

मेहकरहून शहाबादी फरशी आली. आत्याबाईनं ती गाडीतून उतरू दिली नाही. "आंधी उलटी करून दाखव," म्हणाली. मी दाखवली. "आता कडा दाखव." मी कडाही दाखवल्या. मग तिनं हात जोडले, फरशीला आणि फरशीत न दिसणाऱ्या कोणाला, आणि मोगरी हाती घेतली. तडाखे पूर्वीपेक्षा हलके होते. मळ निघत नव्हता, पण ती काही बोलली नाही.

द्वारपाल बागेतच राहिला. गावातल्या पोट्ट्यांनी मला चिडवायला त्याचं नाव 'नामदेवबाबा' ठेवलं. दोन-तीन वर्षांत त्यातलं चिडवणं गळून पडलं आणि नाव राहिलं. आता परगावची माणसंही विचारतात, "नामदेवबाबाची बाग कोठी हाये?" आणि मला स्वतःला रस्ता दाखवावा लागतो. वाचलेले कडुनिंब चांगले सावली देऊ लागले आहेत. बायका पोराच्या परीक्षेआधी 'बाबा'ला नारळ फोडतात. मी जिवंत असून माझ्यावर तेल ओतलं जातं, आणि हे बघत मला रोज कामाला जावं लागतं.

आत्याबाई रोज दिवस उतरला की तिथं जाऊन बसते. त्याच्या पायाशी टेकून काहीतरी बोलत असते. एकदा मी कडुनिंबाआड थांबून ऐकलं. ती तिच्या लेकरांबद्दल सांगत होती. धाकटा कसा बोबडं बोलायचा, मोठी त्याला कशी खांद्यावर घेऊन फिरायची. मी माझ्या जन्मात त्यांची नावं तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. घरी येताना मी म्हणालो, "आत्या, दगडाशी काऊन बोलतं? घरी मी हावो न. मले सांगत जाय."

तिनं माझ्याकडे बघितलं, लहानपणी बघायची तसं.

"तुले सांगतलं तं तू हिशेब दुरुस्त करतं बापा," ती म्हणाली. "थो आयकून घेते."

तेव्हापासून मी घरी गप्प बसून ऐकण्याचा सराव करतो आहे. कुसुम म्हणते, बरीच सुधारणा आहे, पण दगडाची बरोबरी व्हायला अजून वेळ लागेल.